वस्तऱ्याच्या मुठीवरची लोंबी

आश्विनातलं ऊन पाठीला बोचायला लागलं की मला शिंग तापल्याचा वास येतो. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. सून उठून चूल बघून येते, गॅस बघून येते आणि म्हणते, "आई, कुठं काही जळत नाही." जळत नसतंच काही. पण बाहेर लवकर येणारं हळवं भात पिवळं पडत आलेलं असतं, उशिराचं गरवं अजून हिरवं असतं, बांधावरचा तेरडा सुकायला लागलेला असतो. पावसाने धुऊन काढलेल्या आभाळातून असा लख्ख उजेड येतो की माझ्यासारख्या म्हातारीलाही सुईत दोरा ओवता येतो. बारीक कामाचे दिवस हे. माझ्या माहेरी त्यांना मुठीचे दिवस म्हणत.

मुठीचे म्हणजे वस्तऱ्याच्या मुठीचे. हे आता सांगावं लागतं. माझ्या नातवाचं आसनगाव स्टेशनाबाहेर सलून आहे. तिथे पत्र्याच्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवतात आणि काम झालं की टाकून देतात. स्वच्छ काम आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्याला वस्तरा म्हणताना माझी जीभ अडखळते. आमच्या वेळचं पातं पोलादाचं, विलायतेहून आलेलं. ते मिटून जिच्यात बसायचं ती मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, दोन्ही टोकांना खिळ्यांनी जोडलेल्या. पातं बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जायचं. मूठ मात्र तडकायची, मोडायची आणि बदलावी लागायची.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मुरबाडच्या बाजारात दाढ्या करायचे. पितृपंधरवडा आणि त्याला लागून नवरात्र, या दिवसांत आमच्याकडची बरीच माणसं केसांना आणि दाढीला वस्तरा लावून घेत नसत. न्हाव्याचे हे बसते दिवस. आप्पांच्या सोबतीची माणसं पत्ते कुटत बसायची, आणि आप्पा पडवीत सामता घेऊन बसायचे. सामता म्हणजे धनुकलीने फिरवायचं भोक पाडायचं हत्यार, सुतारांकडे असतं तेच, फक्त आप्पांचं बोटभर. पौषात म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेतून आणलेली शिंगं तोवर वाळलेली असत. ती चिरायची, उकळत्या पाण्यात मऊ करायची, दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा ठेवायचा. सरळ झालेली पट्टी कानशीने घासायची. मग तिच्यावर नक्षी काढून बारीक बारीक भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात पितळी तारेचा तुकडा ठोकून बसवायचा. शेवटी चाळलेली राख आणि तेल लावून चोळत राहायचं. काळ्या शिंगावर पितळेचे ठिपके उजळून आले की आप्पा पट्टी उन्हात धरायचे आणि आईला हाक मारायचे. आई यायची नाही, तिला कामं असायची. मी जायचे.

मला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं आणि मी घरात सगळ्यांचं डोकं खात होते. त्याला कंटाळून आप्पांनी माझ्या हातात कानस दिली. माझा हात बरा निघाला. लग्न ठरेपर्यंत मुरबाडच्या निम्म्या न्हाव्यांच्या वस्तऱ्यांवर माझे मोर आणि वेली नाचत होत्या, आणि नाव आप्पांचं होत होतं. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की मुठीवर नक्षी करायची कशाला? धार पात्याला, काम पात्याचं. आप्पा म्हणाले, "दाढीला बसलेल्या मानसाच्या डोल्याफुडं काय असतंय गो? वस्तरा. तो बघून मानूस आखडतो, गिळतो, हलतो. त्याला दुसरं काय तरी बघायला द्यायचं. बघत र्‍हायला की मान आपसूक ढिली." म्हणून नक्षी एकाच बाजूला, गिऱ्हाइकाकडच्या. न्हाव्याच्या बोटांकडची बाजू साफ गुळगुळीत, नाहीतर पितळेचे ठिपके बोटांना टोचतात. एवढं साधं शास्त्र होतं ते. मी ते इतकं पक्कं शिकले की पुढे त्यानेच मला गोत्यात आणलं.

माझं सासर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या जवळ. सासऱ्यांकडे आजूबाजूची काही गावं होती. गावातल्या सगळ्यांची हजामत आम्ही करायची आणि भात झोडलं की खळ्यावरून आमचा वाटा घरी यायचा. मुरबाडच्या बाजारातून आलेल्या मला हे सगळं फार शांत वाटायचं. सासूबाईंना मी आत्ये म्हणायचे. आत्येंचा एक नियम होता. बाईने पात्याला हात लावायचा नाही, धार जाते. मी विचारलं, मुठीला? त्यांनी जरा विचार केला. मुठीबद्दल त्यांच्या सासूने काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत आमचे हे कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर गेले. रोख पगाराचा मोह सगळ्यांनाच होता. सासरे गावं सांभाळत होते. मग सासरे गेले, आणि हे परत यायची तयारी करत होते तेवढ्यात रुळाखालचा लाकडी स्लीपर उचलताना त्यांच्या उजव्या हातावर पडला. अंगठा आणि पहिलं बोट गेलं. उरलेली बोटं मिटायची, पण वस्तरा धरायला जी दोन लागतात तीच नेमकी गेली होती. घरी आले ते हात पंच्यात गुंडाळून. पुढे कित्येक महिने तो हात आम्हाला दिसला नाही. जेवताना, झोपताना, पाहुण्यांत बसताना तो आपला पंच्याखाली.

गावं तोवर केरू भाऊजींनी चालवली. भाऊजी म्हणजे यांचे चुलतभाऊ, यांच्याहून धाकटे. सरळ माणूस. एका संध्याकाळी ओटीवर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "दादा, मी काय तुझी गावं मागत नाय. पन लोकं इचारतात, न्हावी नक्की कोन? भावकी पन इचारते. दसऱ्याला सगली जमतील तवा काय ते ठरवू. तुला वस्तरा धरता आला तर गावं तुझी, मी हात लावनार नाय. नाय आला, तर मग मला कायमची घेऊ दे. अर्धंमुर्धं नको."

हे म्हणाले, "दसऱ्याला बघ."

बस्स, एवढंच. केरू भाऊजी गेले आणि यांनी डाव्या हाताने सासऱ्यांची हत्यारांची धोकटी खुंटीवरून काढली.

डाव्या हाताने दाढी करणारा न्हावी आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. डावा हात कशाकशाला लावतात ते सगळ्यांना ठाऊक. आत्ये तर ऐकूनच बसल्या. पण यांनी वाद घातला नाही. परसात दुधीचा वेल होता. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते, माणसाच्या गालावरच्यासारखी. हे रोज सकाळी एक दुधी मांडीवर घेऊन बसायचे आणि पाणी लावून त्याची लव काढायचे. साल कापली की लगेच पाणी सुटतं, लपवता येत नाही. पहिले काही दुधी पार रक्तबंबाळ झाले म्हणा. मग हळूहळू एखादीच चीर. श्रावणापासून त्या घरात दुधीची भाजी, दुधीचं कालवण, दुधीचं भरीत. एक दिवस आत्ये ताटाकडे बघून म्हणाल्या, "देवा, याला लवकर मानसं मिलू देत. माझ्यानं आता दुधी गिलवत नाय." हे हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

हल्ली जिद्द हा शब्द मी फार ऐकते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, टीव्हीवर, कुणाच्याही सत्कारात. मला तेव्हा तो शब्द माहीत नव्हता आणि यांनाही नव्हता. आम्हाला फक्त दसरा दिसत होता. मला वाटतं, ज्याला एकच गोष्ट दिसते त्याला फार धीर लागत नाही.

भाद्रपद संपता संपता सासऱ्यांचा चांगला वस्तरा त्यांच्या डाव्या हातातून निसटला आणि ओटीच्या दगडावर पडला. पातं वाचलं. मूठ कचकड्याची होती, तिचे तुकडे झाले. लढाईमुळे नवा वस्तरा शहापुरात काय, कल्याणलाही मिळत नव्हता. दुसरा जुना होता तो दोऱ्याने बांधून बांधून वापरायच्या लायकीचा. दुधीला चालेल, चारचौघांत काढायची लाज वाटेल असा. यांनी तुकडे गोळा केले आणि भिंतीला टेकून बसले. मला त्या बसण्याची भीती वाटली. मी म्हणाले, "मूठ मी करीन."

यांना माझ्या कामाची माहितीच नव्हती. सासरी कशाला सांगायचं म्हणून मी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुरबाडला जाणाऱ्या एका बैलगाडीबरोबर निरोप धाडला, आणि आप्पांनी त्याच गाडीने चिरलेलं शिंग, तारेचं भेंडोळं आणि माझा जुना सामता पाठवला. सोबत निरोप होता, "घाई करू नको. शिंग रागीट असतंय."

घटस्थापनेला मी बसले. परसदारी, जांभळीखाली, पाय पसरून. पट्टी पायाच्या अंगठ्यांत धरायची, एका हाताने सामता दाबायचा, दुसऱ्याने धनुकली ओढायची. भोक पडताना शिंग तापतं आणि केस जळाल्यासारखा वास सुटतो. आत्ये नाकाला पदर लावून येऊन जात. नक्षी कसली करायची यावर मी एक अख्खा दिवस घालवला. आप्पांचे मोर बाजारातल्या शेटजींसाठी ठीक होते. आमच्या समोर बसणार ती भाताची माणसं. खाली वाकलेल्या लोंबीवर नजर गेली की शेतकऱ्याच्या मनाला बरं वाटतं, हे मला सासरी येऊन कळलं होतं. मी लोंबी काढली. मुठीच्या वरच्या टोकाकडून निघालेला देठ, मध्येच वळलेला, आणि दाण्यांच्या भाराने खाली झुकलेली कणसाची ओळ. एकेक दाणा म्हणजे पितळेचा एक ठिपका. शेजारच्या बाया बघायला येऊन दाणे मोजायच्या आणि चुकायच्या. त्या कामात मी इतकी सुखात होते की हे सांगताना आजही जरा ओशाळल्यासारखं होतं. यांची गावं जायची वेळ आलेली, आणि मी आपली लोंबीला बाक नीट आला म्हणून खुश.

अष्टमीला पट्ट्या तयार झाल्या. यांनी पातं घालून खिळे ठोकले. खंडेनवमीला सकाळी पाट मांडला. त्यावर कात्री, आरसा, धार लावायचा निसणा, बांधलेला जुना वस्तरा, सगळ्यांना हळदकुंकू. माझा सामता आणि कानसही आत्येंनी मागून घेऊन पाटावर ठेवली, ते मला फार आवडलं. खंडेनवमीला हत्यारं पाटावर गेली की त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी पूजा उतरली की मग. नवा वस्तरा ठेवायच्या आधी यांना हौस आली. आईला म्हणाले, "बस माझ्याफुडं. उद्या कसं दिसंल ते बघ." आत्ये उकिडव्या बसल्या. यांनी वस्तरा उघडला आणि त्यांच्या गालाजवळ धरला.

आत्येंनी मान इकडे केली, तिकडे केली. म्हणाल्या, "नक्षी कुठं गेली?"

मी यांच्या मागे उभी होते. नक्षी मला दिसत होती. अख्खी लोंबी, दाणा न् दाणा, यांच्याकडे आणि माझ्याकडे तोंड करून. मी मुठीचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे आप्पांचा हात होता. उजवा. सगळी नवरात्र मी ज्या डाव्या हातासाठी घासत होते, तो वस्तरा कसा धरेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो माझ्यावरच. हे म्हणाले, "र्‍हाऊ दे. मला दिसते ना." ते ऐकून आणखी राग आला. यांना दिसून काय उपयोग? उद्या जो समोर बसेल तो आधी तो डावा हात बघेल, मग पंच्याखाली लपलेला दुसरा, आणि मान आखडेल. त्याच्या डोळ्यांना द्यायला काही नको? आत्ये म्हणाल्या, खिळे काढून पट्टी फिरव, खालचं टोक वर करून पलीकडे बसव. पट्टीला पाठीकडे बाक होता, म्हणून टोकं फिरवल्याशिवाय ती पलीकडे बसणारच नव्हती. मी मनात फिरवून बघितली आणि त्यांनाही बोटाने हवेत दाखवलं. पट्टी उलटी बसली तर लोंबी उभी राहते. आत्येंच्या लगेच लक्षात आलं. भाराने वाकते ती भरलेली लोंबी. ताठ उभी राहते ती पोचट. "नको गो बाय," त्या म्हणाल्या. "तोंडावर कापनी आलीय, न् लोकांना पोचट लोंबी दावायची?"

मग दुसरी पट्टीच उरली, कोरी, गुळगुळीत. तिच्यावर नवी लोंबी काढायची. एका दिवसात, पातं जोडलेलं असताना, कारण ठोकलेले खिळे उपटताना शिंग तडकलं तर दुसरं नव्हतं, आणि हत्यारं पाटावर हळदकुंकू लावून बसलेली असताना.

मी पाटाला नमस्कार केला आणि सामता उचलला. त्यावरचं कुंकू पदराने पुसलं. आत्ये म्हणाल्या, "खंडेनवमीला?" मी म्हणाले, "आत्ये, देवीचा कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. उद्याचा दिवस पुन्हा येत नाय." त्या आत गेल्या. मला वाटलं, आता भांड्यांचा आवाज येईल. तर त्या देवापुढे बसून जोरजोरात सांगत होत्या की पोर अडाणी आहे, मुरबाडकडची आहे, तिला आमच्या चालीरीती ठाऊक नाहीत.

अडचण वेगळीच होती. पूजेत जायचा वस्तरा पायात धरता येत नव्हता. पात्याला पाय लागणं मलाही नको होतं. हे समोर येऊन बसले. पातं उघडून चिंधीत गुंडाळलं, वस्तरा फळीवर ठेवला. डाव्या हाताने फळी धरली. मूठ दाबून धरायला दुसरा हात हवा होता. मग त्यांनी पंचा बाजूला केला आणि उजवा हात बाहेर काढून मुठीवर ठेवला. उरलेली तीन बोटं आणि तळहाताची कडा यांनी मूठ अशी दाबून धरली की हलेना.

तो हात मी कित्येक महिन्यांनी बघत होते. पांढरट पडलेला, घामेजलेला. मला त्याच्याकडे बघून भडभडून आलं, पण धनुकली ओढताना डोळ्यांत पाणी आलं तर भोक वाकडं पडतं, म्हणून मी ते गिळलं. दिवसभर आम्ही तसे बसलो. मी भोक पाडायची, तार बसवायची, ते धरून ठेवायचे. एकदा सामता सरकला आणि खालच्या टोकाशी शिंगाचा टवका उडाला. तिथे मी घासून पान केलं. दुसरी लोंबी पहिलीइतकी देखणी झाली नाही. दाणे कमी, बाक जरा घाईचा. पण वाकलेली होती, आणि योग्य बाजूला होती. दिवेलागणीला आत्येंनी स्वतः राख चाळून आणून दिली आणि वस्तरा पाटावर ठेवेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. आतल्या बाजूचे ठिपके यांच्या बोटांना टोचणारच होते. पुढे त्यांच्या करंगळीला कायमचा घट्टा पडला. मी मूठ बदलते म्हणाले तर प्रत्येक वेळी पुढच्या वर्षावर ढकलायचे.

दसऱ्याला भावकी आमच्या अंगणात जमली. आमच्यात चाल अशी की पूजेतून उठवलेला वस्तरा आधी आपल्या माणसावर चालवायचा, मग गावावर. भाऊ भावाची दाढी करतो. यांनी घोंगडी अंथरली, वाटीत पाणी घेतलं, वस्तरा डाव्या हातात उघडला आणि बसले. पंचा खांद्यावर होता, उजवा हात मांडीवर उघडा. समोरची जागा रिकामी होती. कुणी खोकलं, कुणी तंबाखू मळायला घेतली. एका म्हाताऱ्याने आभाळाकडे बघून ऊन फार झालं म्हणून सांगितलं. मी दाराआड उभी होते. माझ्या मनात आलं की कुणीच बसलं नाही तर मी जाऊन बसेन, मग हसू देत मला.

केरू भाऊजी उठले. टोपी काढली, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि यांच्यासमोर उकिडवे बसले. यांनी त्यांच्या गालाला पाणी चोळलं, अंगठ्याशिवायच्या हाताने. भाऊजींची मान आखडली, ते मला दारातून दिसलं. मग वस्तरा वर आला. भाऊजींचे डोळे मुठीवर गेले आणि तिथे थांबले. देठावरून बाकावर, बाकावरून दाण्यांवर, खाली पानापर्यंत आणि पुन्हा वर. खांदे उतरले. पहिल्यांदा पातं ओढल्याचा खर्र आवाज अंगणभर ऐकू आला. गाल झाला, हनुवटी झाली. गळ्याशी आल्यावर हे थांबले, श्वास सोडला आणि पुढे गेले.

झाल्यावर केरू भाऊजींनी आरसा घेतला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जबड्यावरून उलटा हात फिरवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "कानाखाली र्‍हायलंय."

त्या वर्षात यांना कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. जो तो म्हणायचा, होईल रे, होईल, देव आहे. घरी आलेली माणसं त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू बोलायची. कामातली चूक काढणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता, आणि न्हावी न्हाव्याचीच चूक काढतो, दुसऱ्या कुणाची नाही. मला दाराआड एकदम पदर तोंडात घ्यावा लागला.

आणि आमचे हे चिडले. खरोखर चिडले. "हल्लास तू. मग र्‍हानार नाय तर काय? बस खाली," असं म्हणून त्यांनी पुन्हा वाटीत बोटं बुडवली, आणि केरू भाऊजी मुकाट्याने मान वर करून बसले.